‘चालतंय ना, हात लावू नकोस’ असं सर म्हणतात, मी काय करू?

प्रश्न : मी नाशिकला बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सातपूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात अर्धवेळ जाते. पिंपळगावच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं शेतकऱ्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. कोड पीएचपी ५.६ चा (वेबसाइटच्या कोडसाठीच्या भाषेची जुनी आवृत्ती), होस्टिंग स्वस्तातलं शेअर्ड, म्हणजे एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला. हे नव्याने लिहू का विचारलं, तर सर म्हणतात, ‘चालतंय ना, हात लावू नकोस.’ मैत्रिणी म्हणतात, जुन्यात अडकशील, पुण्याला जाऊन रिअॅक्टचा (वेबपानं बनवायच्या जावास्क्रिप्ट साधनाचा) कोर्स कर. काय करू?

उत्तर : कोर्सची फी इतक्यात भरू नकोस आणि नोकरीही सोडू नकोस. कोड जुना आहे म्हणून तुझं नुकसान होणार नाही. तो जुनाच ठेवायची सवय लागली, तर मात्र होईल.

सरांना धोका नीट समजावून सांग. पीएचपी ५.६ चे सुरक्षा अपडेट डिसेंबर २०१८ मध्येच थांबले. होस्टिंगवाल्याने ही आवृत्ती बंद केली, तर पॅकहाउसचा हिशेब त्याच दिवशी अडेल, आणि तो दिवस ऐन खुड्यातला, म्हणजे द्राक्षतोडणीतला, असू शकतो. हे तोंडी न सांगता ईमेलवर लिहून दे.

सगळं नव्याने लिहायचा विचार मात्र सोड. उचल, पेटीचा दर, कटती (कापून घ्यायची रक्कम) यांचे किती तरी नियम त्या कोडमध्येच दडलेले असतात, दुसरीकडे कुठे लिहिलेले नसतात. परवानगी मागायची ती लॅपटॉपवर कॉपी घेऊन काम करण्याची. कॉपीत शेतकऱ्यांचे खाते नंबर आणि मोबाइल नंबर आधी बदलून टाक, ही जबाबदारी तुझी.

मग मायएसक्यूएल_क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणारं जुनं फंक्शन, कुठे कुठे वापरलंय ते शोध. हे फंक्शन पीएचपी ७.० मध्ये काढून टाकलं, त्यामुळे तिथे दुसरी सोय आणावीच लागेल. पीडीओ (डेटाबेसशी बोलायची पीएचपीची नवी सोय) आण आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आणि तिच्यात भरायची माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत, वापर. शेतकऱ्याचा क्रमांक यूआरएलमधून (वेबपत्त्यातून) उचलून थेट क्वेरीत चिकटवलेला दिसला, तर ती ओळ सगळ्यात आधी दुरुस्त कर, कारण तिथून कोणीही डेटाबेसमध्ये घुसू शकतो. नंतर कॉपी ७.४ वर चालव. ८ मध्ये काय मोडेल याच्या बऱ्याच सूचना तिथेच मिळतात. फक्त ७.४ वर थांबू नकोस, तिचीही मुदत २०२२ मध्ये संपली आहे.

खरी काळजी न दिसणाऱ्या बदलांची घ्यायची. शून्य आणि ‘बाकी’ हा शब्द दोन बरोबर-चिन्हांनी ताडून पाहिले, तर ७ पर्यंत उत्तर ‘समान’ येतं, ८ मध्ये ‘असमान’. एरर येत नाही, हिशेबपट्टी तेवढी चुकते. म्हणून गेल्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या जुन्या आणि नव्या कोडवर काढून रुपया-रुपया जुळव. मराठी नावंही तपास. जुन्या टेबलांचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) चुकीचं असेल, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एखाद्या शेतकऱ्याचं पेमेंट चुकलं तर त्याच्या घरी काय होतं, हे तुला नाशिकमध्ये राहून वेगळं सांगायला नको.

होस्टिंगच्या मर्यादेतही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तीस सेकंदांत रिपोर्ट मरतो? तो दोनशे-दोनशे ओळींच्या तुकड्यांत काढ, टेबलला इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) लाव. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) बऱ्याच ठिकाणी सबडोमेनला, म्हणजे त्याच साइटच्या उपपत्त्याला, वेगळी पीएचपी आवृत्ती देता येते. तशी सोय असेल तर चाचणी तिथेच घे, डेटाबेस मात्र वेगळा ठेव. पण दर महिन्याला नवी पळवाट काढावी लागत असेल, तर व्हीपीएसचा (स्वतःच्या ताब्यातल्या वेगळ्या व्हर्च्युअल सर्व्हरचा) खर्च मांडून सरांसमोर ठेव.

प्रत्येक बदल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेव. मुलाखतीत ‘चालू हिशेब न थांबवता ५.६ वरून ८ वर आणला’ असं सांगून कुठे काय मोडलं हे उलगडता आलं, तर कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा त्याला मी जास्त वजन देईन. जावास्क्रिप्ट घरी रोज थोडं शिकत राहा, रिअॅक्ट त्यानंतर जड जात नाही.

खुडा चालू असताना सर्व्हरवर काही बदलू नकोस. एप्रिलनंतर सरांना पुन्हा विचार. तेव्हाही त्यांनी साधी कॉपी घेऊ दिली नाही, तर पदवीचा निकाल लागला की दुसरी नोकरी शोध.