'समजलं का?' विचारून काय कळतं?

वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयातला वर्ग

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी प्रथम वर्ष बीएससीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात ११० मुलं. प्रत्येक मुद्द्यानंतर 'समजलं का?' विचारते. पुढचे दोन बाक 'हो मॅडम' म्हणतात, मागचे माना डोलावतात. चाचणीत मात्र निम्म्यांची दांडी गुल. वीज आणि नेट, दोन्ही बेभरवशाचं. अशा वर्गात काय करता येईल?

उत्तर : शंभर जणांदेखत 'नाही समजलं' म्हणायला छाती लागते. शिवाय ज्याला समजलेलं नसतं, त्याला बहुतेक वेळा तेही ठाऊक नसतं. तेव्हा 'समजलं का?' सोडा आणि प्रत्येकाला उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न टाका. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांच्या लक्षात आलं, की अवघड गणितं सोडवणारी त्यांची मुलं न्यूटनच्या नियमांवरच्या, आकडे नसलेल्या साध्या प्रश्नांवर अडखळतात. १९९१ पासून त्यांनी जी पद्धत बसवली, ती तुमच्या वर्गात कागदावर चालते. नेट लागत नाही.

प्रत्येकाला एक ए-फोर कागद आणायला सांगा. दोनदा घडी घालून चार चौकोन करायचे आणि त्यांत ठळक अ, ब, क, ड लिहायचं. घडी अशी घालायची, की एका वेळी एकच अक्षर समोर राहील. मग फळ्यावर प्रश्न लिहा. उदाहरणार्थ : चेंडू सरळ वर फेकला. सर्वात वरच्या बिंदूला त्याचं त्वरण किती? (हवेचा विरोध धरू नका.) अ) शून्य, ब) ९.८ मी/से², खाली, क) ९.८ मी/से², वर, ड) खाली, पण ९.८ पेक्षा कमी.

दीड मिनिट वर्ग गप्प. प्रत्येकानं उत्तर वहीत लिहायचं. ही पायरी गाळलीत, तर मुलं शेजाऱ्याचं बघून अक्षर बदलतात. मग एक-दोन-तीन म्हटल्यावर सगळ्यांनी कागद एकदम छातीशी धरायचे, डोक्यावर नाही, म्हणजे मागच्याला दिसत नाही. मोजत बसू नका, नजरेनं अंदाज घ्या. साधारण ३० टक्क्यांहून कमी बरोबर असतील, तर चर्चेचा उपयोग नाही, मुद्दा दुसऱ्या तऱ्हेनं पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असतील, तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला. खरी मजा मधल्या पट्ट्यात आहे. तिथे उत्तर सांगायचं नाही, चेहऱ्यावरही येऊ द्यायचं नाही. 'तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला शेजारी गाठा आणि त्याला पटवा', एवढंच म्हणायचं. बाक जमिनीला ठोकलेले असतील, तर एकाआड एक रांग मागे वळेल. तीन मिनिटं द्या आणि तुम्ही मागच्या बाकांकडे जा. 'वेग शून्य म्हणजे सगळंच शून्य' असं म्हणणाऱ्याला कुणीतरी 'त्वरणही शून्य असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता ना!' असं सुनावताना ऐकू येईल. त्यानंतर पुन्हा कागद वर, आणि मग तुमचं स्पष्टीकरण. एका प्रश्नाला सात-आठ मिनिटं जातात, म्हणजे ४८ मिनिटांच्या तासात दोन प्रश्न पुरे.

हे फसतं ते बहुधा प्रश्नामुळे. 'त्वरणाचं एकक कोणतं?' यावर वाद काय घालणार? चुकीचे पर्यायही मनाने रचू नका. गेल्या वर्षीच्या चाचणीचे पेपर काढा, मुलांनी केलेल्या चुका जशाच्या तशा उचला. पहिल्या फेरीनंतर 'बहुतेकांनी ब दाखवलंय' असं बोलून गेलात, तर सगळे ब कडे धावतात. आणि बरोबर उत्तराला गुण ठेवू नका. मग हुशार मुलाचं अक्षर वर्गभर फिरतं. चर्चा मराठीत होऊ द्या. बारावीपर्यंत विज्ञान इंग्रजीत शिकलेली मुलंही कारण मराठीत शोधतात. शेवटचं वाक्य मात्र पेपरच्या भाषेत वहीत लिहून घ्या.

प्रश्न : मी वर्गात गटचर्चा सुरू केली, तर विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांकडे तक्रार केली, 'सर शिकवतच नाहीत, नोट्स देत नाहीत.' त्यात अभ्यासक्रमही संपत नाही.

उत्तर : तक्रार अपेक्षितच आहे. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्या वर्गात मुलांनी स्वतः झगडून उत्तरं काढली, तिथे ती चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान, ओघवतं व्याख्यान ऐकलं, की सगळं कळल्यासारखं वाटतं, इतकंच. म्हणून हे पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगा, आणि महिन्याभरात एक छोटी चाचणी घेऊन त्यांचे पेपर त्यांच्याच हातात द्या.

अभ्यासक्रमाचं म्हणाल, तर आधी नोट्स सांगून लिहवणं बंद करा. तासाचा मोठा वाटा तिथेच जातो. पुस्तकात पायरीवार दिलेली सिद्धता आदल्या दिवशी वाचायला द्या, वर्गात फक्त मुलं अडतात ती पायरी घ्या. न वाचता येणारे असतातच. तास सुरू होताना त्या वाचनावर तीन ओळींचं उत्तर कागदावर मागा, गुण अगदी नाममात्र ठेवा.

प्रश्न विचारून झाल्यावर थांबायलाही शिका. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिमुद्रणांतून दाखवलं होतं. हा वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांब आणि कारणांसह येतात. तीन सेकंद फार वाटतात, मनातल्या मनात मोजा.

प्रश्न : मी द्वितीय वर्षाला आहे. धडा चार-चार वेळा वाचते, अधोरेखित करते. तरी पेपरात काही आठवत नाही.

उत्तर : चौथं वाचन सोपं जातं, कारण मजकूर ओळखीचा झालेला असतो. पेपरात पान समोर नसतं, आठवून काढावं लागतं, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के आठवला, एकाच सत्रात वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पाच मिनिटांनंतर विचारलं, तर मात्र वाचणारेच पुढे होते. रात्री जागून सकाळी पेपर देणाऱ्यांना आपली पद्धत बरोबर वाटते ती यामुळेच.

एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनानं भरा. दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने नव्या कागदावर तोच खेळ. पहिला कागद जवळपास लालच होईल. तो फेकू नका, परीक्षेच्या आदल्या दिवशी तेवढाच वाचायचा आहे.