क्रिएटिनिन, वरण आणि ताईंची वही

"मॅडम, ह्यांचं क्रिएटिनिन पॉइंट एकने वाढलंय. डाळ बंदच करते आता." किडनी प्रत्यारोपण झालेल्या घरांतून हे मी सतत ऐकते. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; रक्तात तो वाढला की किडनी मंदावल्याची शंका येते. कधी आई म्हणते, कधी बायको. पेशंट स्वतः क्वचितच. म्हणून मी रिपोर्टच्या आधी घर बघते. सगळ्या सहकाऱ्यांना हे पटत नाही, पण मला त्याचा गुण येत आलाय.

एका जोडप्याचं सांगते, तपशील बदलून. बायकोने नवऱ्याला किडनी दिली, त्याला वर्ष होत आलेलं. ताईंच्या वहीत प्रत्येक रिपोर्ट उतरवलेला: १.२, १.३, १.२, १.३. जिथे १.३ तिथे लाल पेनाचा गोल, आणि पुढचा आठवडाभर वरण, अंडं, दही बंद. नवऱ्याचं वजन ६० किलो, दंड सुकत चाललेले.

मी समजावलं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. पाणी कमी पडलं, आदल्या रात्री मटण झालं, लॅब बदलली, तरी आकडा एवढा हलतो. प्रोटीन कमी करायला सांगतात ते किडनी निकामी होत असताना, डायलिसिसच्या आधी. प्रत्यारोपणानंतर पहिले काही आठवडे उलट जास्त लागतं, किलोमागे १.३ ते १.५ ग्रॅम, कारण जखम भरायची असते आणि स्टेरॉइडने स्नायू झिजतात. पुढे किडनी स्थिरावली की ०.८ ते १ ग्रॅम, म्हणजे ह्यांना ५०-६०. वाटीभर पातळ वरणात जेमतेम पाच ग्रॅम, अंड्यात सहा. (मधुमेह असेल किंवा लघवीतून प्रोटीन जात असेल, तर हा हिशेब डॉक्टरांनीच करायचा.)

ताईंनी मान डोलावली. पुढच्या भेटीत लाल गोल होतेच.

माहिती कमी पडत नव्हती, हे तेव्हा उमगलं. मी विचारलं, "ताई, तुमचं क्रिएटिनिन किती?"

"माझं? मला काय झालंय?"

इतका वेळ गप्प बसलेला नवरा म्हणाला, "ऑपरेशननंतर एकदाच तपासलंय तिने. आणि डाळ तीपण सोडलीय."

"ह्यांच्यासमोर कशी खाऊ?" वही मिटत त्या म्हणाल्या, "ही बाद झाली तर द्यायला दुसरी नाही हो माझ्याकडे."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी न बोलणं मला चांगलं जमतं. रिपोर्टचा आकडा त्यांच्या हातात नव्हता, कुकर होता. सगळी भीती त्या कुकरमध्ये शिजत होती. अशा भीतीला "घाबरू नका" सांगून भागत नाही, तिला खरं काम द्यावं लागतं.

ते दिलं. टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी) ठरल्या वेळी घेतली का, तिची रक्तातली लेव्हल मोजायचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधीच दिलं का, ती लेव्हल चढवणारं ग्रेपफ्रूट किंवा पपनस घरात तर आलं नाही ना, हे त्यांनी बघायचं. क्रिएटिनिन नेहमीच्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने किंवा जास्त चढलं, लघवी कमी झाली, सूज, ताप किंवा नव्या किडनीच्या जागी दुखलं, तर डाळीशी न भांडता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आणि वहीत दुसरा रकाना, ताईंचा. किडनी दिल्यावर दात्याचं क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा थोडं वर स्थिरावतं, ते अपेक्षितच असतं. पण ते, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन दरवर्षी तपासायला हवंच. ताईंची पहिली तारीख नवऱ्याने घेतली.