पेठेत माल पोचवायला कोणती सायकल घ्यावी?

प्रश्न : रविवार पेठेत आमचं मसाल्याचं दुकान आहे. नारायण, सदाशिव, शनिवार पेठेतल्या खाणावळी आणि घरगुती गिऱ्हाइकं फोनवर माल मागवतात. टेम्पोला उभं राहायला जागा नाही, स्कूटरवर माल मावत नाही. मुलगा म्हणतो, बॅटरीची मालसायकल घेऊ. दोनचाकी घ्यावी की तीनचाकी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, दोनचाकी घ्या. तीनचाकी जागच्या जागी उभी राहते हे खरं, पण आपल्या बोळांत एक चाक गटाराच्या झाकणावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की ती कलंडायलाच बघते. शिवाय समोरून रिक्षा आली की मागे घेता घेता घाम फुटतो.

माल मात्र मागच्या कॅरिअरवर लादू नका. पोरवयात मी मंडईतून बटाट्याचं पोतं असंच न्यायचो. एकदा नारायण पेठेत चढावर पॅडल मारलं आणि पुढचं चाक घोड्यासारखं उचललं. बटाटे थेट नदीच्या दिशेने! तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : वजन पुढे आणि खाली हवं. हँडल आणि पुढचं चाक यांच्यामध्ये खोलगट पेटी असलेली सायकल येते, तशी बघा. मुलीकडे नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात गेलो होतो, तिथे कालव्याकाठच्या जुन्या दुकानांत अशाच सायकलींवरून माल येताना पाहिला. तिकडे तिला ‘बाकफिट्स’ म्हणतात. बाक म्हणजे पेटी. पण सकाळी त्याच पेटीत फळी टाकून पोरं शाळेत नेतात, म्हणजे आपला बाकही झालाच!

मोटरपेक्षा आधी ब्रेक बघा. ऐंशी किलो माल थांबवायला डिस्क ब्रेकच हवेत. आणि एका पायाचं स्टँड अजिबात नको. जिना चढून डबा देऊन येईपर्यंत सायकल आडवी झालेली असेल. दोन पायांचं, रुंद बैठकीचं स्टँड मागा.

कागदपत्रांचं म्हणाल, तर मोटर २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंत आपोआप बंद होणारी आणि बॅटरी सोडून सायकलचं वजन ६० किलोपर्यंत असेल, तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, चाचणीचं प्रमाणपत्र बघा. ‘जास्त पळणारी करून देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा. तशी करून घेतली की ती सायकल राहत नाही, बिननंबरची गाडी होते.

आता खरी अडचण. ही सायकल साधारण अडीच मीटर लांब असते. रात्री ठेवणार कुठे? वाड्यात ठेवणार असाल, तर दिंडी दरवाजाची रुंदी, उंबऱ्याची उंची आणि आतलं वळण टेप लावून मोजा. बॅटरी निघणारी असली तर बरं, ती वर नेऊन चार्ज करता येते. पैसे देण्याआधी पेटीत ४० किलो धणे भरा आणि रोज सायकल चालवणार आहे त्याच पोऱ्याला, संध्याकाळच्या गर्दीत, तुळशीबागेपर्यंत जाऊन यायला सांगा. मुलाला नव्हे, पोऱ्याला.