ब्रेक ऑइल कधी बदलावे?

प्रश्न : माझ्या गाडीला पाच वर्षे झाली; शहरातच वापर असल्याने ती जेमतेम १८,००० किलोमीटर चालली आहे. ब्रेक ऑइल डबीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरलेले आहे, तरीही सर्व्हिस सेंटरवाले ते बदलण्याचा आग्रह धरतात. मध्यंतरी सिंहगडावरून उतरताना ब्रेकचे पेडल एकदम मऊ लागले, पण पायथ्याशी थोडा वेळ थांबल्यावर ते पूर्ववत झाले. ऑइल बदलणे खरोखर आवश्यक आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : होय, आणि त्यात चालढकल करू नका. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. रबरी नळ्यांमधून आणि डबीच्या झाकणातून ही क्रिया गाडी नुसती उभी असतानाही चालू राहते, त्यामुळे येथे किलोमीटरपेक्षा वर्षे मोजायची असतात. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांची मुदत देतात. नेमकी मुदत आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

‘डॉट ४’ या ब्रेक ऑइलच्या प्रमाणित प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक सांगते, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. सिंहगडासारख्या तीव्र उतारावर सतत ब्रेक दाबल्याने डिस्क तापते, ती उष्णता पॅड आणि कॅलिपरमधून (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून) ऑइलपर्यंत पोहोचते आणि पाणी मुरलेले ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल खोल जाते आणि जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. थंड झाल्यावर वाफ विरते व पेडल पुन्हा कडक लागते. आपल्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे, त्यामुळे ‘पूर्ववत झाले’ यावर विसंबू नका. केवळ पॅड तापले असते, तर पेडल कडकच राहून गाडी नीट थांबली नसती. तरीही गळती किंवा नळीत हवा नाही ना, हे तपासून घ्यावे.

पातळी भरलेली असणे म्हणजे ऑइल चांगले असणे नव्हे, आणि नुसत्या रंगावरूनही निदान होत नाही. मुरलेले पाणी कॅलिपर, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा भाग) आणि महागड्या एबीएस युनिटला (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) आतून गंजवते, हा खर्च ऑइलच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

काम करून घेताना शक्यतो समोर उभे राहावे. डबीतले जुने ऑइल ओढून नवे भरले की काम झाले, असे काही ठिकाणी मानतात. पण सर्वाधिक तापणारे ऑइल कॅलिपरमध्ये असते, म्हणून चारही चाकांच्या ब्लीड निपलमधून (ऑइल बाहेर काढण्याच्या छोट्या तोंडातून) स्वच्छ, बुडबुडेरहित ऑइल येईपर्यंत ते काढले पाहिजे. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल सीलबंद बाटलीतून घ्यावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये. गाडीच्या रंगावर थेंब सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे, अन्यथा रंग उडतो.

हे काम होईपर्यंत सिंहगड, ताम्हिणी किंवा दिवे घाटाकडे गाडी नेऊ नका. नंतरही उतारावर खालचा गिअर ठेवावा; पेडल मऊ लागलेच, तर ते भराभर दाबत गिअर आणखी खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घ्यावी.