गिझर लावला की सगळं घर अंधारात

प्रश्न : नमस्कार सर, नाशिकला आमचा छोटा बंगला आहे, सिंगल फेज, मेनला ४० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा पोर्चमध्ये ७.२ किलोवॉटचा चार्जर लावून दिला. रात्री गाडी लावतो, वर एसी चालू असतो आणि पहाटे आईने गिझर लावला की खटकन सगळं बंद. मुलाने रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, तो म्हणतो स्मार्ट स्विच लावू, गिझर लागला की चार्जर आपोआप बंद. छतावर ३ किलोवॉट सोलर पण आहे, नेट मीटरिंगसकट. करू का?

उत्तर : मुलाचं कौतुक आहे, पण स्विचचं राहू द्या. आधी साधा हिशोब बघा, चार्जर ३२ अँपिअर ओढतो, दीड टनाचा एसी सहा-सात, ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर तेरा, झाले की पन्नासच्या वर. एमसीबी पडतोय ते बरंच आहे, कोणी "६३ चा टाकून देतो साहेब" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, वायर तीच राहणारे ना, ती तापेल!

चार्जरच्या अ‍ॅपमध्ये करंट १६ वर आणा आणि वेळ लावा रात्री ११ ते पहाटे ५. सहा तासात बावीसेक युनिट जातात, रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला सहा-सात पुरतात. आई उठायच्या आत काम झालेलं असतं, तुमचा प्रश्न खरं तर इथेच संपला.

स्मार्ट स्विचचा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. पोर्टेबल चार्जर आणि वर १६ अँपिअर छापलेला स्मार्ट प्लग, दोन महिन्यांनी काढायला गेलो तर पिन काळपट आणि प्लास्टिकचा वास. अहो तासन्तास फुल लोड, त्यात भर लोडवर आतला रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, उघडतो तेव्हा ठिणगी पडते, तो कॉन्टॅक्ट किती दिवस टिकणार.

तरी मुलाला हौस असेलच, तर बरोबर रस्ता ओसीपीपीचा, म्हणजे चार्जर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती ठरलेली भाषा. चार्जर गाडीला केबलमधल्या पायलट वायरवरून (सिग्नलची वेगळी तार) सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल देत असतो, त्यातला चालू भाग किती रुंद त्यावरून गाडीला कळतं किती ओढायचंय, १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५३ टक्क्याच्या आसपास ३२. म्हणजे वीज तोडायची गरजच नाही, आकडा खाली सांगितला की गाडी स्वतः कमी ओढते. होम असिस्टंटमध्ये ओसीपीपी इंटिग्रेशन टाकायचं, चार्जरमध्ये सर्व्हरचा पत्ता म्हणून रास्पबेरी पायचा पत्ता द्यायचा, मेनच्या फेज वायरवर सीटी क्लॅम्प (वायरभोवती बसणारा, करंट मोजणारा चिमटा), आणि नियम एवढाच की एकूण ३५ च्या वर गेलं की चार्जर ६ वर आण. पण आधी विक्रेत्याला विचारा पत्ता बदलू देतात का, काही जण कुलूप लावून ठेवतात, आणि बदलला की कंपनीचं अ‍ॅप बहुतेक मुकं होतं. रास्पबेरी पाय हँग झाला तर काय, म्हणून चार्जरमधली स्वतःची मर्यादा १६ च ठेवा, सुरक्षितता वायफायच्या भरवशावर टाकू नका.

सोलरच्या मागे धावायचं असेल, म्हणजे ऊन असेल तेवढंच चार्जिंग करायचं असेल, तर ६ अँपिअर म्हणजे जवळजवळ १४०० वॉट, त्याखाली चार्जिंग थांबतंच. पावसाळ्यात ढग आला-गेला की चार्जरमधला कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) टकटक करत बसतो, म्हणून थांबायला-सुरू व्हायला निदान पाच मिनिटं द्या. आणि नेट मीटरिंगमध्ये दिवसा पाठवलेलं युनिट रात्रीच्या युनिटात वळतं होतं, त्यामुळे एवढा खटाटोप करून बिलात फार फरक पडणार नाही, दिवसा वेगळा दर लागत असेल तरच बघा.

आणि हो, मे महिन्यात चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून अडून बसला तर मुलाच्या ऑटोमेशनला दोष देऊ नका, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि इलेक्ट्रिशियनला बोलवून रीडिंग काढून घ्या.