मागच्या स्पीकरची घाई करू नका

पाश्चात्त्य सिम्फनीसाठी ५.१ (पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) लावायचं म्हणताय, तर सिनेमाचा हिशेब आधी डोक्यातून काढा. इथे मागून हेलिकॉप्टर येत नाही, मागून येतो तो सभागृहाचा घुमारा. मागचे स्पीकर वाजताहेत हे कळायला लागलं की समजा, आवाज जास्त झालाय.

जागा महत्त्वाची. पुढचे दोन तुमच्या खुर्चीपासून डावी-उजवीकडे ३० अंशांवर, मधला बरोबर समोर, आणि मागचे साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या जरासे मागे. मी पहिल्यांदा ते थेट सोफ्याच्या पाठीला टेकवले होते. टाळ्या मानेवर पडायच्या! आमच्या हॉलमध्ये जागाच नव्हती, शेवटी सोफाच दीड फूट पुढे ओढला, घरच्यांची बोलणी खाल्ली.

टेप घेऊन प्रत्येक स्पीकरचं कानापर्यंतचं अंतर मोजा आणि रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरमध्ये, भरा. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे फूटभर चूकसुद्धा व्हायोलिनची जागा हलवते.

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, जिच्यात ५.१ चा ट्रॅकही असू शकतो) घेणार असाल तर प्लेअर एचडीएमआयनेच जोडा, ऑप्टिकल वायरीतून तिचा मल्टिचॅनल ट्रॅक येत नाही. सबवूफरचं नंतर बघू.

पैसे कमी असतील तर? दोनच चांगले घ्या, बाकीचे पुढच्या दिवाळीला. आणि भीमसेनजींची जुनी स्टीरिओ रेकॉर्डिंग लावताना रिसीव्हरमधले ते नकली घुमारा भरणारे ‘हॉल’ मोड बंद ठेवा, तानपुरा पार विरघळून जातो.