गुलामांचा व्यापार ख्रिस्ती श्रद्धेने बंद पाडला का? बोलायला उभं राहण्याआधी एवढं पाहा

प्रश्न थोडक्यात असा: चर्चच्या तरुण संघात ब्रिटनमधल्या गुलामव्यापारबंदीवर अर्धा तास बोलायचं आहे. 'ख्रिस्ती श्रद्धेमुळे हा व्यापार बंद झाला' असं म्हटलं की कोणीतरी 'तो करणारेही ख्रिस्तीच होते की' म्हणणार. मग मांडायचं कसं?

ते दुसरं वाक्य आधी तुम्हीच बोला. समोरच्याने उठून म्हणायची वाट पाहू नका. बार्बेडोसमधले कॉड्रिंग्टन मळे 1710 साली मृत्युपत्राने इंग्लंडच्या चर्चच्या एका मिशनरी संस्थेकडे आले, गुलामांसकट. सुरुवातीच्या काळात तिथल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागला जाई. सुवार्ता सांगायला निघालेल्या संस्थेचं नाव माणसाच्या कातडीवर! 1783 मध्ये बिशप बीलबी पोर्टियस यांनी याच संस्थेपुढे उभं राहून मळ्यावरच्या माणसांची स्थिती सुधारा म्हणून प्रवचन केलं. संस्थेने त्यांची योजना मानली नाही. 2006 साली इंग्लंडच्या चर्चने आपल्या महासभेत गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. हे सांगितल्यावर श्रोते तुमचं पुढचं मन लावून ऐकतील.

वचनंही दोन्ही बाजूंनी काढली जात. व्यापाराचे समर्थक उत्पत्ती 9 मधला कनानला दिलेला शाप, लेवीय 25 मधले परराष्ट्रीय दास आणि फिलेमोनाला लिहिलेलं पत्र पुढे करत. 1788 मध्ये रेमंड हॅरिस नावाच्या धर्मगुरूने शास्त्राधारे हा व्यापार योग्य ठरवणारी पुस्तिका काढली, तेव्हा लिव्हरपूलच्या नगरपालिकेने त्याला 100 पौंड दिले. विरोधकांचा भर निर्गम 21:16 वर होता: माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड. त्याला 1 तीमथ्य 1:10 ची जोड, आणि मत्तय 7:12. प्रेषितांची कृत्ये 17:26, म्हणजे सगळी माणसं एकाच मुळातून, हे तर त्यांच्या तोंडी सारखं असे. नुसती वचनं मोजत बसलात तर वाद संपणार नाही. पण एक गोष्ट जरूर दाखवा. 1807 मध्ये लंडनला वेस्ट इंडिजच्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. जुन्या कराराचा बहुतेक भाग आणि नव्याचा जवळपास निम्मा भाग त्यातून वगळला होता. मिसरच्या दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाली तो भागही त्यात नव्हता. गुलामांच्या हाती कोणतं पान पडलं तर काय होईल, हे ती पानं वगळणाऱ्यांना नीट ठाऊक होतं.

आता श्रद्धेने नेमकं काय केलं ते. माझं मत स्पष्ट आहे: श्रद्धेने माणसांना हे पाप आहे हे पटवलं, वीस वर्षं हरूनही टिकवून धरलं, आणि गावोगाव तयार जाळं दिलं. पार्लमेंटातली मतं मात्र पुराव्याने आणि डावपेचाने फिरली. दोन्ही सांगितलं नाही तर भाषण अर्धवट राहील.

जाळं क्वेकरांचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चबाहेरच्या एका छोट्या ख्रिस्ती पंथाचं. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे काही क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला, पण त्यांच्याच सभांनी तो बाजूला ठेवला. पुढे जॉन वूलमन आणि अँथनी बेनेझेट यांनी आपल्याच लोकांच्या मागे लागून वर्षानुवर्षं ही गोष्ट लावून धरली. 1761 मध्ये लंडनच्या वार्षिक सभेने गुलामांचा व्यापार करणाऱ्या सदस्याला बाहेर काढायचं ठरवलं, आणि 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेने गुलाम बाळगणाऱ्यांनाही. आधी स्वतःचं घर झाडलं, मग जगाला सांगायला निघाले. हा क्रम भाषणात चुकवू नका. त्यांच्याकडे मासिक, त्रैमासिक आणि वार्षिक सभांची उतरंड होती, ठरावांच्या वह्या होत्या, जिल्ह्याजिल्ह्यात पत्रव्यवहार करणारी माणसं होती, छापखाने होते. अडचण एकच होती. ते शपथ घेत नसत, त्यामुळे पार्लमेंटचं दार त्यांना बंद होतं. म्हणून 22 मे 1787 रोजी लंडनच्या जॉर्ज यार्डमधल्या जेम्स फिलिप्स यांच्या छापखान्यात गुलामव्यापार बंद करण्यासाठीची समिती बसली, तेव्हा 12 जणांत 9 क्वेकर आणि 3 अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, होते. अध्यक्षपद अँग्लिकन ग्रॅनव्हिल शार्प यांच्याकडे गेलं.

याच समितीने गुलामगिरी सोडून फक्त व्यापारावर नेम धरला. शार्प यांना ते पटलं नव्हतं. कारण व्यवहाराचं होतं: जहाजं आणि व्यापार पार्लमेंटच्या हातात, तर मळ्यांवरचे गुलाम म्हणजे मालकांची मालमत्ता, आणि तिथे वसाहतींच्या विधानसभा आडव्या येणार. नवी माणसं मिळेनाशी झाली की मालक आहेत त्यांना नीट वागवतील, गुलामगिरी आपोआप वाळून जाईल, असा अंदाज होता. हा अंदाज साफ चुकला. म्हणून 1823 मध्ये दुसरी चळवळ उभी करावी लागली.

पुरावा गोळा करणारा माणूस म्हणजे थॉमस क्लार्कसन. केंब्रिजला 1785 मध्ये लॅटिन निबंधस्पर्धेचा विषय होता, माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं योग्य आहे का. बक्षीस मिळालं, पण लंडनच्या वाटेवर वेड्समिलजवळ तो घोड्यावरून उतरून रस्त्याकडेला बसला: हे सगळं खरं असेल तर कोणीतरी ते थांबवायला हवं. पुढच्या सात वर्षांत त्याने सुमारे 35,000 मैल प्रवास केला. लिव्हरपूलच्या एका दुकानात त्याने हातकड्या, पायबेड्या, अंगठे चिरडायचा स्क्रू आणि अन्न नाकारणाऱ्याचा जबडा बळाने उघडायचं उपकरण विकत घेतलं. ही चारही उघड विकायला होती. त्याने एक लाकडी पेटीही केली. तिच्या कप्प्यांत आफ्रिकेचं कापड, हस्तिदंत, मिरी, विणकाम, लाकडाचे नमुने. आफ्रिकेशी प्रामाणिक व्यापारही करता येईल हे हातात देऊन दाखवायला. ती पेटी आजही इंग्लंडमधल्या विस्बेचच्या संग्रहालयात आहे.

त्याचं सर्वांत कामाचं शस्त्र मात्र खलाशांचे हजेरीपट होते. व्यापारी म्हणत, या फेऱ्यांत आरमारासाठी खलाशी तयार होतात. क्लार्कसनने हजारो खलाशांची नावं पटांवरून तपासली आणि गुलामांच्या जहाजांवर खलाशी इतर व्यापारापेक्षा कितीतरी जास्त मरतात हे आकड्यांनी दाखवलं. आफ्रिकन माणसाच्या दुःखाने न हलणारा खासदारही आपल्या आरमारासाठी दचकला. आफ्रिकेतल्या नद्यांवर सशस्त्र होड्या नेऊन माणसं पळवली जातात का, याचा साक्षीदार हवा होता, तर तो बंदरामागून बंदर, जहाजामागून जहाज फिरला आणि अखेर प्लीमथला त्याला आयझॅक पार्कर हा खलाशी सापडला.

ब्रूक्स या गुलामजहाजाचा नकाशा भाषणात हवाच, पण हिशोबासकट. जहाजावर किती गुलाम न्यायचे याची मर्यादा घालणाऱ्या 1788 च्या डोल्बेन कायद्याप्रमाणे 201 टनांपर्यंत दर 3 टनांना 5 माणसं आणि त्यापुढे टनामागे 1. जहाज 320 टन धरलं की 335 अधिक 119, म्हणजे 454. समितीने प्रत्येक पुरुषाला 6 फूट बाय 16 इंच जागा धरून माणसं कागदावर मांडली, तर जहाज गच्च भरलं. आणि त्याआधीच्या एका फेरीत याच जहाजाने 609 माणसं नेली होती. जमिनीवर खडूने 6 फूट बाय 16 इंचांचे चार चौकोन एकमेकांना चिकटून आखा आणि चौघांना त्यात निजायला सांगा. वर फळी, दोन्हींत अंतर तीन फुटांहून कमी, आणि प्रवास अनेक आठवड्यांचा, हे तेव्हाच सांगा. चित्र भिंतीवर टाकून पुढे गेलात तर ते नुसतं चित्र राहतं.

साखरेचंही तसंच. 1791 मध्ये विल्यम फॉक्स यांच्या पत्रकाने गणित मांडलं: आठवड्याला 5 पौंड, म्हणजे सव्वादोन किलो साखर वापरणाऱ्या कुटुंबाने 21 महिने साखर आणि तिच्या प्रमाणात रम सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचतो. क्लार्कसनच्या अंदाजाने सुमारे 3 लाख लोकांनी साखर सोडली. ज्या बायकांना मत नव्हतं त्यांच्या हातात स्वयंपाकघर होतं. 1820 च्या दशकात साखरेच्या भांड्यांवर 'गुलामांनी न केलेली ईस्ट इंडियाची साखर' असं छापून येई, म्हणजे आपल्याकडची. ते सांगताना हेही सांगा की हिंदुस्थानातही गुलामगिरी होती आणि तिला कायद्याचा आधार 1843 मध्ये काढला गेला.

पार्लमेंटात ही लढाई लढवणारे खासदार विल्यम विल्बरफोर्स यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यांच्याभोवतीच जास्त चुका होतात. 1785 मध्ये त्यांचं मनपरिवर्तन झालं. राजकारण सोडावं का, हे विचारायला ते जॉन न्यूटन यांच्याकडे गेले, आणि न्यूटननी तिथेच राहून देवाची सेवा करा असा सल्ला दिला. हे न्यूटन एके काळी गुलामजहाजाचे कप्तान होते. 1748 च्या वादळात त्यांना देव आठवला, तरी नंतर 1754 पर्यंत ते हाच धंदा करत राहिले आणि सोडला तो प्रकृतीमुळे. व्यापाराविरुद्ध जाहीर लिहिलं ते 1788 मध्ये, 34 वर्षांनी. 'अमेझिंग ग्रेस' 1773 च्या नववर्षासाठी लिहिलेलं, त्यात गुलामांचा उल्लेख नाही. 'वादळ, पश्चात्ताप, गुलाम सोडले, गीत लिहिलं' ही गोष्ट सांगू नका. खरी गोष्ट तरुणांच्या जास्त उपयोगाची आहे: प्रार्थना करणारा माणूस अनेक वर्षं डोळ्यांदेखतचं पाप पाहू शकला नाही.

पार्लमेंटातला क्रम असा. 1791 मध्ये 163 विरुद्ध 88, हार. 1792 मध्ये 519 अर्ज आणि जवळपास 3,90,000 सह्या आल्या. सभागृहाने 'हळूहळू' हा शब्द घालून ठराव 230 विरुद्ध 85 मंजूर केला आणि त्या एका शब्दाने धार गेली. फ्रान्सच्या क्रांतीच्या आणि सेंट डोमिंगोच्या (आजच्या हैतीच्या) गुलामांच्या उठावाच्या भीतीने सुधारणेचं नाव काढणंही संशयाचं झालं. 1796 मध्ये 74 विरुद्ध 70, फक्त चार मतांनी गेलं. मग 1806 मध्ये जेम्स स्टीफन या क्लॅपहॅम गटातल्या, म्हणजे विल्बरफोर्स यांच्या सुधारक ख्रिस्ती मित्रमंडळातल्या, वकिलाने डाव टाकला: शत्रूच्या आणि परक्या वसाहतींना गुलाम पुरवायला ब्रिटिशांना बंदी, युद्धाचा उपाय म्हणून. माणुसकीचा शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं, विल्बरफोर्सही गप्प राहिले. ब्रिटिश गुलामव्यापाराचा सुमारे दोन तृतीयांश भाग तिथेच तुटला. 23 फेब्रुवारी 1807 ला 283 विरुद्ध 16 मतं पडली आणि 25 मार्चला राजाची संमती मिळाली. सापडलेल्या प्रत्येक गुलामामागे 100 पौंड दंड. तेवढा दंड नफ्यातून भरता येई, म्हणून 1811 मध्ये तो गंभीर गुन्हा ठरवून हद्दपारीची शिक्षा ठेवावी लागली.

'अर्थकारणामुळे झालं, श्रद्धेचं नाव नंतर दिलं' हा आक्षेप आला तर एवढं सांगा: 1807 मध्ये व्यापार तोट्यात नव्हता, जगातला मोठा हिस्सा ब्रिटनकडेच होता. आणि गुलाम माणसांनी स्वतः काय केलं ते वगळू नका. झाँग जहाजावरून 1781 मध्ये सुमारे 132 माणसं जिवंत समुद्रात फेकून विमा मागितला गेला; ही बातमी शार्प यांच्यापर्यंत 1783 मध्ये ओलाउडा इक्वियानो या मुक्त झालेल्या आफ्रिकन ख्रिस्ती माणसाने नेली. जमैकात 1831 च्या नाताळात उठाव झाला, त्याचा पुढारी सॅम शार्प बाप्टिस्ट डीकन होता. 1832 मध्ये त्याला फाशी दिली आणि पुढच्याच वर्षी गुलामगिरी संपवणारा कायदा आला. त्यात 2 कोटी पौंड भरपाई ठरली, ती मालकांना. 1807 व्यापाराचं, 1833 गुलामगिरीचं; ही दोन सालं एकमेकांत मिसळू देऊ नका. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना लिहिली, ती चळवळ तिसरीच.

महाराष्ट्राचा धागा हवा असेल तर तो नाशिकचा घ्या. ब्रिटिश आरमाराने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम वाहणाऱ्या गलबतांतून सोडवलेली मुलं मुंबईला आणली जात, त्यातली बरीच नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत शिकली. शहरातला शरणपूर रस्ता आजही त्याच नावाचा आहे. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा या नाशिकच्या मुलांपैकी जेकब वेनराइटने त्यांचं हृदय पुरताना प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत त्याने शवपेटीला खांदा दिला. त्याच सुमारास मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या वाटाघाटींनंतर जून 1873 मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला, आणि पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसलं तेव्हा शरणपूरची बरीच माणसं तिकडे गेली.